वेजवुड घ्यावं की स्पोड?

इंग्लिश चिनी मातीचा एखादा सेट घ्यावा असं मनात आलं की दोन नावं हमखास समोर येतात, वेजवुड आणि स्पोड. दोन्ही अडीचशे वर्षं जुनी, दोन्ही स्टॅफर्डशरमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटची, दोन्हींना राजघराण्याचं गिऱ्हाईक लाभलेलं. दुकानदार दोन्हींची तारीफ सारख्याच शब्दांत करतो, जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन लिलावांत दोन्हींचे ढीग असतात, आणि लंडनला जाऊन आलेली एखादी मावशी 'वेजवुडच घे, नाव मोठं आहे' असं सांगून मोकळी होते.

नाव मोठं आहे, त्यात वाद नाही. पण या दोन्ही नावांखाली चार-पाच वेगळ्या जातींची भांडी निघाली, निरनिराळ्या मालकांनी काढली, आणि अलीकडची तर निरनिराळ्या देशांत निघाली. त्यामुळे आधी माती कोणती ते बघावं, मग काळ कोणता, आणि नाव सगळ्यात शेवटी. रोजच्या जेवणाला सेट हवा असेल तर माझा कौल स्पोडला आहे, आणि कपाटात मांडायला एखादीच वस्तू हवी असेल तर वेजवुडला. असं का, ते या दोन घराण्यांच्या इतिहासात आहे.

एका कारखान्यातून निघालेले दोन जोसाया

दोघांचंही नाव जोसाया. जोसाया वेजवुड १७३० सालचा, बर्स्लम गावच्या पिढीजात कुंभाराच्या घरातला. लहानपणी देवी आल्या, गुडघा कायमचा अधू झाला आणि पुढे १७६८मध्ये तो पाय कापावाच लागला. पायाने चाक फिरवायचं काम झेपेना, म्हणून तो मातीच्या आणि झिलईच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, प्रयोगांकडे वळला असं सांगतात. जोसाया स्पोड तीन वर्षांनी लहान. तो सहा वर्षांचा असताना वडील गेले आणि त्यांना गोरगरिबांच्या बेनाव कबरीत पुरावं लागलं, इतकी घरची ओढग्रस्त.

थॉमस व्हील्डन हा त्या भागातला नामांकित कारखानदार. स्पोड १७४९मध्ये त्याच्याकडे उमेदवारीला लागला. वेजवुडही १७५४मध्ये त्याच कारखान्यात आला, पण भागीदार म्हणून. पुढे १७५९मध्ये वेजवुडने बर्स्लममध्ये स्वतःचा धंदा काढला. स्पोडला मालक व्हायला बराच वेळ लागला. त्याने स्टोकमधली कारखान्याची जागा विकत घेतली ती १७७६मध्ये.

हा धंदा इथेच का फोफावला, याचं कारण कोळसा. थोडीशी भांडी भाजायलाही कोळसा ढिगाने लागे, आणि तो इथे जमिनीखालीच होता. फिकी, चांगली माती मात्र दूर दक्षिणेला डेव्हन, डॉर्सेट आणि कॉर्नवॉलमध्ये. ती जहाजाने आणायची आणि पुढे घोड्यांच्या पाठीवर लादायची. तयार भांडी त्याच खड्ड्यांच्या रस्त्यांनी परत जात आणि वाटेत फुटत. म्हणून ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्यासाठी वेजवुडने जंगजंग पछाडलं. १७६६मध्ये त्या कालव्याची पहिली कुदळही त्यानेच मारली. १७७७मध्ये कालवा पुरा झाला आणि त्याचा फायदा वेजवुडइतकाच स्पोडला आणि बाकीच्या सगळ्या कारखान्यांना मिळाला.

वेजवुडने काय दिलं

वेजवुडची पहिली मोठी कामगिरी म्हणजे दुधाळ रंगाची, हलकी, स्वच्छ झिलईची भांडी. फिकी माती आणि भाजून दळलेली गारगोटी यांच्या मिश्रणातून ती होत. अशी भांडी आधीही निघत होती. वेजवुडने ती एकसारखी काढून दाखवली. १७६५मध्ये राणी शार्लटने चहाचा सेट मागवला, आणि वेजवुडने लगेच त्या मातीचं नावच 'क्वीन्स वेअर' करून टाकलं. जाहिरात कशी करावी हे या माणसाकडून शिकावं. लंडनमध्ये शोरूम, छापील सचित्र कॅटलॉग, माल पसंत नसेल तर परत, हे सगळं त्याने त्या काळात केलं.

१७६९मध्ये थॉमस बेंटली या भागीदाराबरोबर त्याने एट्रुरिया नावाचा नवा कारखाना उघडला. रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनने मागवलेला ९५२ नगांचा भोजनाचा सेट १७७३-७४मध्ये वेजवुडने पुरवला. त्यावर ब्रिटनमधली १,२२२ दृश्यं हाताने रंगवली होती, आणि प्रत्येक नगावर एक हिरवा बेडूक. कारण सेट ज्या महालासाठी होता तो बेडकांच्या दलदलीत बांधलेला होता! तो सेट आज रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

पण आपल्याकडे 'वेजवुड' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं ते जॅस्पर. फिकट निळी, झिलई नसलेली मंद पृष्ठभागाची वस्तू, आणि तिच्यावर पांढऱ्या मातीत उठावाचं काम: ग्रीक देवता, द्राक्षांचे वेल, नाचणाऱ्या स्त्रिया. हे मिश्रण जमायला वेजवुडला हजारो चाचण्या कराव्या लागल्या. १७७४-७५च्या सुमारास ते साधलं. त्यातली गुरुकिल्ली होती डर्बीशरच्या खाणीतला बेरियमचा एक जड दगड. चाचणीच्या तुकड्यांचे क्रमांक टाकलेले ट्रे आजही बघायला मिळतात. पांढरी नक्षी वेगळ्या साच्यात दाबून काढतात, पाण्याच्या बोटाने भांड्यावर चिकटवतात आणि मग दोन्ही एकदम भाजतात. पहिल्या दर्जाच्या नगावर चेहऱ्याचं नाक, वस्त्राची चुणी इतकी रेखीव दिसते की भिंग लावावं. साचा झिजलेला असेल, तर तीच स्त्री पिठाच्या बाहुलीसारखी दिसते. जॅस्पर घेताना मी सगळ्यात आधी हेच बघतो.

त्याच्या आधीचं ब्लॅक बसॉल्ट, म्हणजे काळ्या मातीची कठीण भांडी, मला स्वतःला जॅस्परपेक्षा जास्त आवडतं. गोऱ्या हातांची फॅशन टिकली तर आपल्या काळ्या किटल्या खपत राहतील, अशी आशा वेजवुडने बेंटलीला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती. विक्रीचं गणित त्याच्या डोक्यातून एक क्षणही जात नसे. त्याच माणसाने १७८७मध्ये गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी बेड्यांत गुडघे टेकलेल्या माणसाचं जॅस्परचं पदक काढलं आणि ते फुकट वाटलं, हेही इथेच नोंदवायला हवं.

एक गोष्ट मात्र त्याने कधीच केली नाही. पोर्सलीन, म्हणजे उजेड आरपार दिसेल असं खरं चिनी भांडं, जोसाया वेजवुडने आपल्या हयातीत बाजारात आणलं नाही. १७९५मध्ये तो वारला. कंपनीने बोन चायना, म्हणजे हाडांची राख घातलेली चिनी माती, १८१२मध्ये करून बघितलं, दहाएक वर्षांत सोडून दिलं आणि १८७८मध्ये पुन्हा सुरू केलं. म्हणजे आज दुकानात 'वेजवुड बोन चायना' म्हणून जे समोर ठेवतात, ते संस्थापकाची देणगी नव्हे, बाजाराच्या मागे जाऊन घेतलेलं काम आहे. वाईट नाही. पण इतिहासासाठी पैसे मोजत असाल तर ते या मालासाठी मोजू नका.

स्पोडने काय दिलं

दोन गोष्टी, आणि दोन्ही सगळ्या धंद्याने उचलल्या.

पहिली, झिलईच्या खाली निळी छपाई. वेजवुड आपल्या क्वीन्स वेअरची छपाई लिव्हरपूलच्या सॅडलर आणि ग्रीन यांच्याकडून करून घेई, ती झिलईच्या वर असे. दिसायला छान, पण सुरी-काट्याने वर्षानुवर्षं खाल्लं की पुसट होते. १७८४मध्ये स्पोडने मातीच्या भांड्यांवर झिलईखालची छपाई जमवली. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरलेली असते, रेघा आणि बारीक ठिपके. पत्रा गरम करून तेलात कालवलेला कोबाल्टचा रंग त्यावर चोळायचा आणि वरचा पुसून काढायचा, म्हणजे रंग फक्त खाचांत राहतो. साबणाच्या पाण्यात भिजवलेला पातळ कागद वर ठेवून दाबयंत्रातून काढला की नक्षी कागदावर उतरते. तो कागद कात्रीने कापून, एकदा भाजलेल्या पण झिलई न दिलेल्या कोरड्या बशीवर चिकटवायचा, ताठ ब्रशने घासायचा आणि बशी पाण्यात बुडवून कागद सोडवून घ्यायचा. रंग बशीने शोषलेला असतो, तो निघत नाही. मग तेल जाळायला एकदा भट्टी, मग झिलई, मग परत भट्टी. वर काचेचा थर बसल्यावर त्या निळ्याला ना सुरी लागते ना घासणी.

जुनी स्पोडची बशी हातात आली तर तिच्या किनारीवर बोट फिरवत गोल जा. कुठेतरी वेलाचं पान अर्धं तुटून शेजारच्या फुलावर चढलेलं दिसेल. किनारीची कागदी पट्टी जिथे जोडली ती ही जागा. तो दोष नाही, हाताने काम केल्याची खूण आहे. बर्स्लमच्या मिडलपोर्ट कारखान्यात 'बर्ली'ची भांडी अजूनही याच कागदी पद्धतीने होतात. बाकी बहुतेकांनी ती सोडली.

या छपाईतून आलेली नक्षी म्हणजे ब्लू इटालियन. १८१६ साली सुरू झालेली आणि अजून विकली जाणारी. मध्ये इटलीतले पडके अवशेष, नदी, गुरं, माणसं, आणि कडेला थेट इमारी या जपानी पोर्सलीनच्या वळणाची किनार. ही जोडी जुळायला नको होती, तरी जुळली आहे. विलोची झाडं, पूल आणि दोन पक्षी असलेली ती सर्वपरिचित निळी नक्षीही आजच्या रूपात प्रथम स्पोडकडे १७९०च्या सुमारास आली, असं मानतात. तिच्याबरोबर सांगितली जाणारी चिनी प्रेमिकांची गोष्ट मात्र नंतर इंग्लंडातच रचलेली आहे.

आपल्या वाचकाला थबकवणारी स्पोडची नक्षी वेगळीच आहे. १८१०नंतरच्या काही वर्षांत त्यांनी भारतातल्या शिकारीच्या दृश्यांची एक मालिका काढली. बंगालमध्ये नोकरी केलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या सचित्र ग्रंथातून चित्रं उचलली आणि प्रत्येक आकाराच्या नगावर वेगळं दृश्य बसवलं. जेवणाच्या बशीवर अस्वलाची शिकार, दुसऱ्या नगांवर झाडावरच्या बिबट्यावर नेम धरणारे शिकारी, उसाच्या फडातून हाकलून बाहेर काढलेलं अस्वल, कुत्र्यांना घेऊन निघालेले डोरिये, म्हणजे कुत्री सांभाळणारे नोकर. इंग्लंडच्या खेड्यातला एखादा जमीनदार रविवारचं मटण याच बशीत खात असणार, आणि रस्सा संपला की तळाशी हत्ती आणि पागोटेवाले हाकारे दिसत असणार. हे जुने नग मिळतात, पण स्वस्तात नाही.

दुसरी देणगी बोन चायना. हाडांची राख मातीत घालायचा प्रयोग लंडनच्या बो कारखान्यात आधीच, १७४०च्या दशकात, झाला होता. स्पोड बाप-लेकांनी त्याचं प्रमाण बसवलं: साधारण निम्मी हाडांची राख, पाव भाग कॉर्नवॉलची पांढरी माती आणि पाव भाग तिथलाच चायना स्टोन नावाचा दगड. थोरला स्पोड १७९७मध्ये वारला, आणि मुलाने, म्हणजे दुसऱ्या जोसायाने, हा माल बाजारात रुळवला. नशिबाचाही हात होता. कॉर्नवॉलची माती वापरून पोर्सलीन करायचं पेटंट ब्रिस्टलच्या रिचर्ड चॅम्पियनकडे होतं. १७७५मध्ये त्याची मुदत वाढवायला पार्लमेंटमध्ये कडाडून विरोध केला तो वेजवुडने. तरीही ती वाढली आणि १७९६मध्ये संपली. भांडला एक, फळ मिळालं दुसऱ्याला. स्पोडचं हे मिश्रण पुढे सगळ्या इंग्लिश कारखान्यांनी घेतलं, खुद्द वेजवुडनेही.

हाडांचं काय करायचं

मराठी घरांत हा प्रश्न येतोच, आणि तो आडून विचारण्यात अर्थ नाही. हो, बोन चायनात गुराढोरांची हाडं असतात. ती उकळून, चरबी-सरस काढून, हजार अंशांच्या आसपास भाजून दळतात. उरते ती खनिज राख. ती मातीत मिसळून पुन्हा बाराशे अंशांच्या वर भाजली जाते. भांड्यात मांसाचा अंश नसतो, हे शास्त्र झालं. घरातल्या आजींना ते पटेल की नाही, हा शास्त्राचा विषय नाही. ज्या घरात सणावारी पंगतीला ही भांडी निघणार, तिथे आधी विचारून घ्यावं. हजारो रुपये मोजून आणलेला सेट कायमचा माळ्यावर गेलेली घरं मला माहीत आहेत.

गंमत अशी की दोन्ही कंपन्यांचा अस्सल जुना वारसा बिनहाडांच्या मातीतही आहे. ब्लू इटालियन ही साधी मातीची भांडी, बोन चायना नव्हे. वेजवुडचं क्वीन्स वेअर, त्यातला १९०८चा 'एड्मी' आकार, जॅस्पर, बसॉल्ट, यांत कशातही हाडं नाहीत. आणि पातळ, नाजूक भांडंच हवं पण हाडं नकोत असं असेल, तर तिसरीकडे बघा. रॉयल डोल्टनने १९६०मध्ये हाडांविना अर्धपारदर्शक चिनी माती बाजारात आणली. त्या काळच्या नगांच्या मागे तसं स्पष्ट छापलेलं असतं आणि नक्षीचा क्रमांक टी. सी. या अक्षरांनी सुरू होतो. जुन्या बाजारात हा माल दुर्लक्षित आहे, म्हणून परवडतो.

ओळखायची रीत सोपी आहे. बशी दिव्यासमोर धरून मागे बोटं ठेवा. बोटांची सावली दिसली तर बोन चायना किंवा पोर्सलीन, नाही दिसली तर माती. नखाने टिचकी मारली तर बोन चायना घंटेसारखं वाजतं आणि मातीचं भांडं थप्प करतं. तडा गेलेलं बोन चायनासुद्धा थप्पच करतं, त्यामुळे ही टिचकी दोन कामं करते.

बशी उलटी करा

खरा निकाल मागच्या बाजूला असतो. वेजवुडचा जुना ठसा मातीत दाबलेला असतो, नुसतं नाव, पुढेमागे काही नाही. 'वेजवुड अँड कंपनी' असं लिहिलेलं असेल तर सावध व्हा, ती टन्स्टॉलची वेगळी फर्म होती. इंग्रजी स्पेलिंगमध्ये जी आणि डब्ल्यूच्या मध्ये एक जादा ई असेल, तर तो स्टॉकटनच्या एका कारखानदाराने वेजवुडच्या नावावर मारलेला डल्ला. आजही ऑनलाइन विक्रेते हे सगळं एकाच नावाखाली टाकतात, काही अज्ञानाने, काही जाणूनबुजून.

१८६०पासून वेजवुडच्या मातीच्या भांड्यांवर तीन अक्षरांची खूण दाबलेली असते: महिना, कारागीर, वर्ष. वर्षाची अक्षरं फिरून फिरून येतात, म्हणून नुसत्या अक्षरावर जाऊ नये. 'इंग्लंड' असा शब्द असेल तर माल साधारण १८९१नंतरचा, कारण अमेरिकेने त्या साली आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. 'मेड इन इंग्लंड' म्हणजे विसावं शतक. बोन चायनावर १८७८पासून छापील फुलदाणीची खूण येते. ती पोर्टलँड फुलदाणी, प्राचीन रोमन काचेची, जिची जॅस्परमधली नक्कल हे जोसायाचं शेवटचं मोठं काम.

स्पोडच्या मागचं वाचणं जास्त मजेचं आहे, कारण तिथे स्पोड हे नाव असेलच असं नाही. १८३३मध्ये विल्यम टेलर कोपलंडने धंदा विकत घेतला. १८४७पर्यंत 'कोपलंड अँड गॅरेट', त्यानंतर 'कोपलंड', कधी कोपलंड आणि स्पोड ही दोन्ही नावं एकत्र. स्पोड हे नाव एकट्याने परत आलं ते १९७०मध्ये. कारखाना तोच, जागा तीच, तांब्याचे पत्रेही तेच. नुसतं 'कोपलंड' लिहिलेली ब्लू इटालियनची बशी ही अस्सल स्पोडच आहे, आणि विक्रेत्याला ते उमगलेलं नसेल तर तुमचा फायदा.

जुनं घ्यायचं तर स्वयंपाकघराचा विचार

मातीच्या भांड्यांची झिलई कालांतराने केसासारखी तडकते. त्या रेघांतून चहा, तेल आत झिरपतं आणि तपकिरी डाग पडतात, ते जात नाहीत. शिवाय जुन्या झिलईत शिसं असे. आंबट पदार्थ ते शिसं ओढून घेतात. म्हणून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या बशीत सोलकढी, चिंचेचं सार, लोणचं, दही ठेवू नये, मग ती कितीही सुंदर असो. त्या भिंतीवर लावाव्यात. कोरडा खाऊ ठेवला तर हरकत नाही.

बोन चायना या बाबतीत दणकट. दिसतं नाजूक, पण टवका सहजी उडत नाही, आणि भट्टीत पूर्ण घट्ट झालेलं असल्याने पाणी शोषत नाही. सोनेरी कड असेल तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका आणि काथ्याने घासू नका. जॅस्परच्या बाहेरच्या अंगाला झिलई नसते, म्हणून हातांचा मळ बसतो. कोमट साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

आज ही नावं कुणाची

इथे दोन्ही घराण्यांची कहाणी सारखीच वाईट आहे, आणि काही महिन्यांच्या अंतराने घडलेली. स्पोडचा स्टोकमधला कारखाना १७७६पासून एकाच जागी चालला आणि २००८च्या नोव्हेंबरमध्ये कंपनी बुडाली. वेजवुडने एट्रुरिया कधीच सोडलं होतं. खाणींमुळे तिथली जमीन खचत होती, म्हणून १९४०मध्ये कारखाना बार्लास्टनला, विजेच्या भट्ट्यांवर गेला. १९८०च्या दशकात आयर्लंडच्या वॉटरफर्ड या काचसामानाच्या कंपनीशी जोडणी झाली, नंतर बरंचसं उत्पादन इंडोनेशियात गेलं, आणि २००९च्या जानेवारीत तीही दिवाळखोरीत निघाली.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. वेजवुड २०१५पासून फिनलंडच्या फिस्कार्सकडे आहे. स्पोड हे नाव २००९मध्ये स्टोकच्याच पोर्टमेरियनने घेतलं आणि ब्लू इटालियनचं उत्पादन शहरात परत आणलं. स्पोडच्या बाकीच्या सगळ्याच मालिका तिथे होतात असं नाही, ख्रिसमस ट्रीसारखा माल बाहेरूनही येतो. तेव्हा नवं घेताना मागचं वाचा. 'मेड इन इंग्लंड' असं छापलेलं नसेल आणि फक्त '१७५९पासून' किंवा 'इंग्लंड १७७०' असली पाटी असेल, तर ती ब्रँडचं वय सांगते, बशीचं जन्मस्थान नाही. इंडोनेशियातला माल वाईट नसतो. फक्त त्याला स्टोकची किंमत देऊ नये.

सेट पुरा करणं, तुटलेला नग भरून काढणं, या हिशोबातही स्पोड पुढे आहे. ब्लू इटालियन दोनशे वर्षं चालू असल्याने नवी बशी जुन्यांत खपून जाते. निळ्याची छटा थोडी इकडेतिकडे होते, पण टेबलावर ते खुलतंच. वेजवुडच्या बोन चायनात १९६५ची 'वाइल्ड स्ट्रॉबेरी' दीर्घकाळ चालली, पण बऱ्याच नक्ष्या आल्या आणि बंद झाल्या. बंद नक्षीच्या सहा बशांपैकी एक फुटली की उरतात पाच, आणि सहावी शोधण्यात वर्षं जातात.

जॅस्पर घ्यायचं झालं तर निळ्या रंगाच्या चिमुकल्या ट्रे आणि डब्या टाळा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या भेटवस्तू म्हणून इतक्या निघाल्या की इंग्लंडातल्या प्रत्येक धर्मादाय दुकानात एखादी पडलेली असते. गुंतवणूक म्हणून त्यांच्याकडे बघणं हा निव्वळ भाबडेपणा. त्याच पैशात एक काळी बसॉल्टची साखरदाणी मिळाली तर ती घ्यावी. दहा वर्षांनी तुम्हाला ती जास्त आवडेल.

दोन्हीही नकोत, फक्त फुलाफुलांचे कप हवेत, असं असेल तर रॉयल अल्बर्टची १९६२ची 'ओल्ड कंट्री रोझेस' घ्या आणि मोकळे व्हा. भरजरी सोनं-लाल-निळं हवं असेल तर रॉयल क्राउन डर्बीची इमारी. ही दोन्ही चांगली आहेत, पण ती निवड डोळ्याने होते, तिला इतिहास वाचावा लागत नाही.

आणि घेण्याआधी जमलं तर स्टोकला एक चक्कर मारा. लंडनच्या युस्टन स्टेशनवरून गाडीने साधारण दीड तास. वेजवुडचा संग्रह कंपनी बुडाल्यावर पेन्शन फंडाच्या देण्यापायी विकला जाणार होता. २०१४मध्ये लोकवर्गणी आणि निधी मिळून १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंड उभे राहिले आणि तो वाचला. आता तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या मालकीचा आहे, पण बार्लास्टनलाच ठेवलेला आहे. स्पोडचं छोटं संग्रहालय स्टोकमध्ये जुन्या कारखान्याच्या आवारात आहे, तिथे तांब्याचे पत्रे जवळून बघता येतात. सकाळी बार्लास्टन, दुपारी स्टोक असं एका दिवसात होतं. खरेदी करायची असेल तर बार्लास्टनच्या दुकानात दुय्यम दर्जाचा माल कधी असतो का ते विचारा, आणि तो घेतलाच तर हातसामानात ठेवा.